टेमघरचे पाणी, वेशीची माती

भिवंडीहून कल्याणच्या रस्त्याला लागले की टेमघर येते. या नावाचे दुसरे गाव मुळशी तालुक्यात आहे आणि तेथील धरणामुळे ते अधिक परिचित आहे. भिवंडीच्या टेमघरची ओळख निराळी. उल्हास नदीचे पाणी शहाड येथे उचलले जाते, ते टेमघरच्या जलशुद्धीकरण केंद्रात आणले जाते आणि तेथे स्वच्छ होऊन पुढे ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर या शहरांकडे व ठाणे जिल्हा परिषदेच्या हद्दीतील गावांकडे जाते. शहाड आणि टेमघर या दोन नावांची आद्याक्षरे जोडून ‘स्टेम’ हे नाव तयार झाले. ठाण्याच्या वा भाईंदरच्या घरात सकाळी नळ सोडणाऱ्या कितीतरी कॅथलिक कुटुंबांनी टेमघर पाहिलेले नसेल. परंतु टेमघरचे पाणी मात्र त्यांच्या रोजच्या जीवनात मिसळून गेलेले आहे.

या पाण्याची काळजी घेणारे कोणीतरी आहे. त्यात तुरटी किती घालावी, क्लोरीन किती सोडावा, गढूळपणा किती उरला, याची मोजदाद होते. पाण्याला मालक आहे, हिशेब आहे, देयक आहे. परंतु ज्या जमिनीवरून हे पाणी येते आणि ज्या जमिनीत अखेर मुरते, त्या मातीची विचारपूस कोण करतो? माती बिघडली तर ती निवळण्याचे केंद्र कोठे आहे? आणि असे केंद्र काढायचे ठरले, तर त्याचा खर्च कोणी सोसायचा? बिघडवणाऱ्याने, जमिनीच्या आजच्या मालकाने, की तुम्हां-आम्हां करदात्यांच्या पैशातून सरकारने? वरवर पाहता हा प्रश्न हिशेबनिसाचा वाटतो. इतिहासाची पाने उलटली म्हणजे तो न्यायाचा प्रश्न आहे असे ध्यानात येते.

पवित्र शास्त्रातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात एक विलक्षण नियम सांगितला आहे. शेतात कोणाचा तरी मृतदेह आढळला आणि मारेकरी कोण हे कळले नाही, तर काय करावे? वडील मंडळींनी व न्यायाधीशांनी बाहेर पडून त्या जागेपासून सभोवतालच्या गावांचे अंतर मोजावे, असा तो नियम आहे. जे गाव सर्वांत जवळचे ठरेल, त्या गावच्या वडिलांनी वाहत्या ओढ्याकाठी, जेथे नांगर लागलेला नाही अशा खोऱ्यात जाऊन प्रायश्चित्ताचा विधी करावा. गुन्हा त्या गावाने केलेला नसतो. तरीही रक्ताने विटाळलेली भूमी तशीच सोडून द्यायची नसते. अपराधी सापडत नाही, म्हणून जबाबदारी संपत नाही; ती जवळच्या माणसाकडे येते. आणि त्या जबाबदारीची पहिली कृती कोणती, तर अंतर मोजणे. म्हणजे घराबाहेर पडून प्रत्यक्ष जागेवर जाणे आणि नोंद करणे. हा नियम मनात ठेवून आपण पुढील इतिहासाकडे पाहू.

मुंबईने मातीचे दुखणे प्रथम मोठ्या प्रमाणावर अनुभवले ते १८९६ साली. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात एका रोग्याला ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, ताप आहे हे ओळखणारे वैद्य आपल्याच समाजाचे होते: गोव्यात जन्मलेले डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस. पुढे ते मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि धोबीतलावला मेट्रो चित्रपटगृहाजवळ त्यांचा पुतळाही उभा राहिला. उंदीर आणि पिसवा यांचा या रोगाशी असलेला संबंध त्या वेळी सर्वमान्य झाला नव्हता. रोगाचे विष जमिनीत, भिंतींत आणि कोंदट हवेत दडलेले असते, अशी अनेक जाणत्यांचीही समजूत होती. म्हणून घरांना चुना फासण्यात आला, पाऱ्यापासून बनवलेले जहाल द्रावण शिंपडण्यात आले आणि काही ठिकाणी मातीच्या जमिनी उकरून काढण्यात आल्या. माती शुद्ध करण्याच्या हेतूने मातीवर पारा शिंपडला गेला, हा त्या काळाच्या अज्ञानाचा भाग होता. त्याबद्दल त्या पिढीला दोष देण्याचे कारण नाही.

त्याच दिवसांत आपल्या पूर्वजांनी वांद्रे, माझगाव, गिरगाव अशा वस्त्यांमध्ये क्रूस उभारले. आजही त्यांतील अनेकांना ‘प्लेगचा क्रूस’ म्हणतात. काहींवर साल कोरलेले आहे. तेथे सायंकाळी रोझरी होत असे आणि आजही काही ठिकाणी होते. हे क्रूस श्रद्धेची स्मारके आहेतच. शिवाय ते एक प्रकारचे भूमिलेखही आहेत. ‘या जागी, या साली, आमच्यावर आपत्ती आली होती’ अशी ती दगडातील नोंद आहे. सरकारी कागद जीर्ण झाले, वस्त्या पालटल्या, तरी ती नोंद राहिली. या गोष्टीकडे आपण शेवटी पुन्हा येणार आहोत.

प्लेगच्या धक्क्यातून १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. रोगट ठरलेल्या वस्त्या पाडणे, जमीन सखल असेल तर भर घालणे, रुंद रस्ते काढणे आणि नव्याने घरे बांधणे, हे त्या ट्रस्टचे काम. त्यासाठी सरकारने आपल्या मालकीच्या जमिनी दिल्या, नगरपालिकेने दरवर्षी आपल्या उत्पन्नातून वाटा दिला आणि उरलेला पैसा कर्जरोख्यांतून उभा राहिला. सार्वजनिक पैशातून आजारी जमीन सुधारून तिचा पुनर्विकास करण्याचा आपल्याकडील हा एक आरंभीचा मोठा प्रयोग म्हणावा लागेल. नागपाडा, आग्रीपाडा येथील योजना, सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती, या सर्वांवर ट्रस्टचा ठसा आहे. मुंबईला हवा आणि उजेड मिळाला हे खरे. परंतु ज्यांची घरे पाडली गेली, त्यांतील थोड्याच लोकांना नव्या घरांत जागा मिळाली. बाकीचे गरीब शेजारच्या वस्त्यांत जाऊन अधिकच दाटीवाटीने राहू लागले. जमीन निरोगी झाली, पण त्या जमिनीवर आजारपण काढलेला माणूस तेथे राहिला नाही. १९३३ साली ट्रस्ट महानगरपालिकेत विलीन झाला, तरी त्याने मागे ठेवलेला प्रश्न विलीन झाला नाही.

आता थोडे दूरच्या देशात जाऊ. कारण दूषित जमिनीसाठी स्वतंत्र सरकारी अनुदान ही कल्पना ज्या घटनांमुळे बळावली, त्या तेथे घडल्या. वेल्समधील अबरफॅन हे कोळसाखाणीचे गाव. खाणीतून निघालेला राडारोडा गावाच्या वरच्या डोंगरउतारावर वर्षानुवर्षे रचला जात होता. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी पावसाने भिजलेला तो ढीग घसरला आणि गावच्या शाळेवर कोसळला. १४४ जणांचा मृत्यू झाला. त्यांत ११६ मुले होती. चौकशी आयोगाने राष्ट्रीय कोळसा मंडळाला जबाबदार धरले. तरीही गावावर उरलेले ढीग हलवण्याचा खर्च द्यायला ना मंडळ तयार होते, ना सरकार. अखेर १९६८ साली जगभरातील लोकांनी दुःखी कुटुंबांसाठी पाठवलेल्या मदतनिधीतून दीड लाख पौंड त्या कामी घेण्यात आले. मुले गमावलेल्या आईबापांनाच, त्यांच्या मुलांवर कोसळलेल्या मातीच्या साफसफाईचे पैसे भरावे लागले! ती रक्कम परत मिळायला १९९७ साल उजाडले आणि तेव्हाही व्याज मिळाले नाही. पुढे २००७ साली वेल्सच्या सरकारने आणखी वीस लाख पौंड देऊन ती चूक काही अंशी सुधारली. या आपत्तीनंतर वेल्समध्ये पडीक व घातक जमिनी साफ करण्यासाठी सरकारी अनुदानाचे काम जोमाने सुरू झाले आणि खाणींचे अनेक काळे डोंगर हिरवे झाले. अनुदानाच्या इतिहासाचा आरंभ अशा प्रकारे एका शाळेच्या दारात होतो.

अमेरिकेतही शाळाच निमित्त झाली. नायगरा फॉल्स शहरात लव्ह कॅनाल नावाचा एक अर्धवट खोदलेला कालवा होता. १९४२ ते १९५३ या काळात एका रसायन कंपनीने त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती ओढली आणि ती जमीन अवघ्या एका डॉलरला शाळा मंडळाला देऊन टाकली. त्यावर शाळा झाली, भोवती घरे झाली. पुढे तळघरांत काळपट द्रव झिरपू लागला आणि मुले आजारी पडू लागली. तेथील एक गृहिणी लोइस गिब्स यांनी दारोदार जाऊन कोणाच्या घरी कोणते आजारपण आले याची नोंद केली. ऑगस्ट १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी तेथे आणीबाणी जाहीर केली. त्या लोकांच्या मदतीला विविध ख्रिस्ती पंथांनी एकत्र येऊन एक कार्यसमिती स्थापन केली आणि तिची धुरा सिस्टर मार्जीन हॉफमन या फ्रान्सिस्कन संन्यस्त भगिनीने सांभाळली. समितीने कुटुंबांना आधार दिला, तसेच कागदपत्रे जमवली. ती आज बफेलो विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

लव्ह कॅनालच्या प्रकरणातून १९८० साली ‘सुपरफंड’ नावाचा कायदा झाला. दूषित करणारा सापडला तर खर्च त्याच्याकडून वसूल करायचा. तो सापडला नाही किंवा बुडाला असेल, तर निधीतून काम करायचे. आणि हा निधी तेल व रसायन उद्योगांवरील करातून उभा करायचा, अशी त्याची मांडणी. १९९५ साली तो कर संपुष्टात आला आणि भार हळूहळू सर्वसामान्य करदात्यांवर सरकला. २०२१ व २०२२ सालच्या कायद्यांनी ते कर पुन्हा बसवले.

याशिवाय कमी दूषित, परंतु संशयापोटी कोणी हात लावत नाही अशा जुन्या कारखान्यांच्या जागांसाठी नव्वदीच्या दशकात ‘ब्राऊनफिल्ड’ अनुदाने सुरू झाली. २००२ साली त्यांना स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला. आरंभीच्या अनुदानांची मर्यादा दोन लाख डॉलर होती. एवढ्या रकमेत मोठी जमीन साफ होत नाही. मग ती कशासाठी होती? प्रामुख्याने तपासणीसाठी. या जागेवर पूर्वी कोण होते, काय बनवत होते, कोठे पुरत होते, हे शोधायचे. मग खड्डे घेऊन माती व भूजल तपासायचे. मग नकाशा करायचा. साफसफाईचे अनुदान ही त्यानंतरची पायरी. अनुभव असा आला की जमिनीविषयीची भीती पुष्कळदा विषापेक्षा अज्ञानामुळे असते आणि तेथील धोकाही अज्ञानामुळेच असतो. म्हणून पहिला पैसा खर्च करायचा तो जाणून घेण्यासाठी. अनुवादातील वडील मंडळी आधी अंतर मोजतात, ते या अर्थाने किती शहाणपणाचे होते!

आपल्या देशात ‘बिघडवील तो भरील’ हे तत्त्व न्यायालयातून आले. राजस्थानात उदयपूरजवळ बिछरी नावाचे गाव आहे. १९८८ च्या सुमारास तेथील कारखान्यांनी ‘एच-ॲसिड’ हे रसायन बनवण्यास सुरुवात केली. कापडाच्या रंगांसाठी ते लागते. म्हणजे भिवंडीच्या मागावरील कापडाशी आणि आपल्या अंगावरील कपड्यांशी या गोष्टीचे दूरचे नाते आहे. माल परदेशी गेला. सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ गावात राहिला. विहिरींचे पाणी गडद झाले, शेते नापीक झाली. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नुकसानभरपाई तर द्यायचीच, शिवाय माती व पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही दूषित करणाऱ्यानेच द्यायचा. भारतीय पर्यावरणन्यायातील हा मैलाचा दगड. परंतु पैसे मात्र आले नाहीत. अर्जामागून अर्ज होत राहिले. २०११ साली न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला की ३७ कोटी ३८ लाखांहून अधिक रक्कम चक्रवाढ व्याजासह भरा. निकाल आणि विहीर यांच्यामध्ये पंधरा वर्षे गेली. तहानलेल्याला तत्त्व पाजून भागत नाही.

भोपाळची कथा सर्वांना माहीत आहे. १९८४ च्या त्या रात्रीनंतर बंद कारखान्याच्या आवारात साठवलेला ३३७ टन घातक कचरा हलवण्यास २०२५ सालचा जानेवारी उजाडला. तो मध्य प्रदेशातच पीथमपूर येथे नेऊन जून अखेरपर्यंत जाळण्यात आला. त्यासाठी केंद्र सरकारने सुमारे १२६ कोटी रुपये दिले. म्हणजे हेही एका अर्थी दूषित भूमीच्या सफाईचे सरकारी अनुदानच. कारखान्याखालच्या आणि भोवतालच्या मातीचा व भूजलाचा प्रश्न मात्र त्या गोण्यांबरोबर पीथमपूरला गेलेला नाही.

या पार्श्वभूमीवर २४ जुलै २०२५ रोजी केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम प्रथमच अधिसूचित केले. तत्पूर्वी २०१० पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने आंध्र प्रदेश व पश्चिम बंगालमध्ये काही स्थळांवर प्रयोग झाले होते. पण संपूर्ण देशासाठी अशी स्वतंत्र नियमावली नव्हती. नियम प्रसिद्ध झाले त्या वेळी देशात १०३ दूषित स्थळे नोंदलेली होती आणि त्यांतील केवळ ७ ठिकाणी सफाईचे काम सुरू झाले होते.

नियमांची रीत अशी. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित स्थळांचा अहवाल द्यायचा. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने किंवा नेमलेल्या तज्ज्ञ संस्थेने नव्वद दिवसांत प्राथमिक पाहणी करायची. संशय बळावला तर आणखी तीन महिन्यांत सविस्तर तपासणी करून स्थळ दूषित आहे की नाही हे ठरवायचे. त्यासाठी १८९ घातक रसायनांची यादी प्रमाण धरली आहे. मग सफाईचा आराखडा करायचा आणि नव्वद दिवसांत जबाबदार कोण हे शोधायचे. तो सापडला तर खर्च त्याचा. न सापडला किंवा त्याची ऐपत नसली, तर केंद्र व राज्य सरकार मिळून खर्चाची तजवीज करणार. या शेवटच्या कलमात अनुवादातील त्या नियमाचा प्रतिध्वनी आम्हांला ऐकू येतो. मात्र दोन उणिवाही सांगितल्या पाहिजेत. एक, दूषित ठरलेली जागा किती काळात सुरक्षित व्हायला हवी, याची मुदत ठरवलेली नाही. दुसरी, किरणोत्सारी कचरा, खाणी आणि समुद्रावरील तेल यांबरोबरच घनकचऱ्याच्या कचराभूमीही या नियमांच्या बाहेर ठेवल्या आहेत.

कचराभूमींसाठी वेगळी वाट आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या नागरी टप्प्यात जुन्या कचऱ्याचे डोंगर हटवण्यासाठी केंद्राचे अनुदान ठेवले आहे. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांना मान्य खर्चाच्या २५ टक्के, एक ते दहा लाखांच्या शहरांना ३३ टक्के आणि त्याहून लहान गावांना ५० टक्के, असा केंद्राचा वाटा. २०११ च्या जनगणनेत भिवंडीची लोकसंख्या सात लाखांवर आणि मीरा-भाईंदरची आठ लाखांवर होती. म्हणजे टेमघरचे पाणी पिणारी ही दोन्ही शहरे मधल्या वर्गात मोडतात. कामाची पद्धत साधी आहे. जुना कचरा उकरून, वाळवून, चाळून त्यातील माती, दगड, प्लास्टिक वेगवेगळे करायचे आणि जमीन मोकळी करायची. इंदूरने २०१८ च्या सुमारास सुमारे तेरा लाख टन कचरा अशा रीतीने चाळून शंभर एकर जागा मोकळी केली. म्हणजे हे अशक्य नाही.

आपल्या परिचयाचे उदाहरण गोराईचे. बोरिवली पश्चिमेला खाडीकाठी १९७२ पासून मुंबईचा कचरा टाकला जात होता. २००७ अखेर उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ती जागा बंद झाली. १९.६ हेक्टरवरील सुमारे २३ लाख टन कचऱ्याला उतार देऊन, वर जाड प्लास्टिकचा थर व माती घालून आणि आतील मिथेन वायू बाहेर काढून जाळण्याची सोय करून तो डोंगर झाकण्यात आला. त्यासाठी आशियाई विकास बँकेच्या कार्बन निधीतून आगाऊ रक्कमही मिळाली होती. खाडीपलीकडील गोराई, मनोरी आणि पुढे उत्तन येथील आपल्या कोळी व शेतकरी बांधवांना मात्र या कथेचा उत्तरार्ध निराळा अनुभवास आला. मीरा-भाईंदरचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरीवर जाऊ लागला. तेथील आगी, धूर आणि उतारावरून शेतात व समुद्राकडे येणारे घाण पाणी यांविरुद्ध ग्रामस्थ वर्षानुवर्षे झगडत आले आहेत. टेमघरहून स्वच्छ पाणी ज्या शहरात येते, त्याच शहराची घाण आपल्या लोकांच्या डोंगरीवर चढते. पाण्याचा प्रवास आणि कचऱ्याचा प्रवास ही एकाच व्यवहाराची दोन अंगे आहेत. आपण मात्र एकाच अंगाचे देयक भरतो.

देवनारचे उदाहरण याहून बोलके आहे. १९२७ पासून मुंबईचा कचरा पोटात घेणारी ही भूमी. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तेथील सुमारे १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासासाठी देण्याचा निर्णय घेतला आणि पुढील वर्षी महानगरपालिकेने १८५ लाख टन कचरा हटवण्यासाठी दोन हजार कोटींहून अधिक खर्चाची निविदा काढली. शंभर वर्षे पडून राहिलेला डोंगर हलतो आहे, याचा आनंद मानावा. पण १८९८ चा ट्रस्ट आठवावा आणि विचारावे: सफाईचा पैसा सर्वांचा, तर सफाईनंतरची जमीन कोणाची? आजवर धूर कोणी गिळला आणि उद्या त्या जागी राहायला कोणाला पाठवले जाईल? अनुदानाला डोळे असतात असे नाही. जेथे जमिनीला भाव येतो, तेथे ते लवकर धावते. जेथे भाव नाही, तेथे विष तसेच राहते. हा धोका ओळखूनच अनुदानाचे स्वागत केले पाहिजे.

पुन्हा टेमघरला येऊ. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या मार्गावर टेमघर हे नियोजित स्थानक आहे. रस्त्याकडेच्या भूखंडांना आता नवा भाव येणार. भिवंडी हे मागांचे शहर. कामवारी नदी त्याच्या अंगावरून वाहते. मागांच्या जोडीला कापडाची रंगाई-धुलाई आली आणि पुढे तालुक्यात गोदामे वाढली. त्यांतील काही ठिकाणी रसायनांचे पिंप साठवले गेले आणि आगीही लागल्या. आग विझते तेव्हा बातमी संपते; परंतु विझवलेले पाणी पिंपांतील द्रव घेऊन नाल्यात आणि मातीत गेलेले असते. पलीकडे, उल्हास नदीकाठी मोहने येथील मोठा रेयॉन कारखाना २००९ साली बंद पडला. कामगार देणी मागत राहिले आणि जमीन नव्या हातांकडे गेली. कोणत्याही एका जागेवर बोट ठेवण्याचा आमचा हेतू नाही. एवढेच म्हणावयाचे आहे की जेथे उद्योग होता आणि आता घरे, गोदामे किंवा शाळा होणार आहेत, तेथे पाया खणण्याआधी माती तपासलीच पाहिजे.

येथेच आपले काम सुरू होते. नियमांच्या साखळीतील पहिली कडी कोणती, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. संशयित स्थळाची नोंद. ती झाली नाही तर नव्वद दिवसांचे घड्याळ सुरूच होत नाही. आणि घड्याळ सुरू झाले नाही तर ना दोषी सापडतो, ना अनुदान येते. जिल्ह्याच्या कचेरीतील अधिकारी बदलून येतो आणि बदलून जातो. या कोपऱ्यात पूर्वी रंगाचा कारखाना होता, त्या विहिरीचे पाणी अमुक साली लाल झाले, या खड्ड्यात रात्री टँकर रिकामे होत, हे त्याला कोण सांगणार? ते गावातील म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते. लव्ह कॅनालच्या गृहिणीने तेच गोळा केले. सिस्टर मार्जीन यांच्या समितीने तेच जपून ठेवले.

आपल्या समाजाला नोंदीची परंपरा आहे. बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू यांची दप्तरे धर्मग्रामात पिढ्यान्‌पिढ्या राखली जातात. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले, तेव्हा विहिरी, वाड्या आणि पाणी यांविषयीचे लोकांचे ज्ञान हेच त्याचे बळ होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातून पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले. घराचा उंबरा कोठे खचला आहे, हे घरच्या माणसाने सांगायचे असते. म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या हद्दीतील जुने कारखाने, पुरलेले खड्डे, बिघडलेल्या विहिरी आणि कचराभूमी यांची एक वही करावी. वडीलधाऱ्यांच्या तोंडून साल, जागा आणि खूण लिहून घ्यावी. युवकांनी नकाशा काढावा. त्याची एक प्रत जिल्हाधिकारी कचेरीत आणि एक प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पोच घेऊन द्यावी. यासाठी मोर्चा लागत नाही, निधी लागत नाही. एक वही आणि काही सायंकाळ लागतात.

प्लेगच्या काळी आपल्या पूर्वजांपाशी औषध नव्हते, सत्ता नव्हती, अनुदान तर नव्हतेच. त्यांनी आपत्तीच्या जागी क्रूस रोवला आणि त्यावर साल कोरले. आज औषधही आहे, नियमही आहे आणि सरकारचा पैसाही मिळण्याजोगा आहे. फक्त साल कोरणारा हात हवा. टेमघरचे पाणी रोज सकाळी आपल्या घरी चालत येते. वेशीवरची माती आपल्याकडे चालत येणार नाही. तिच्याकडे आपणच चालत गेले पाहिजे आणि जुन्या करारातील त्या वडिलांप्रमाणे अंतर मोजून म्हटले पाहिजे की हे आम्ही केलेले नाही, परंतु आम्ही सर्वांत जवळ आहोत.